शेजारधर्म आणि स्वतंत्र जीवन : गेल गावाचा पाठ

घरात कोणास ज्वर आला किंवा कोणाचे हाड मोडले तर शेजारीपाजारी विचारपूस करावयास येतात. परंतु घरातील एखाद्या माणसाचे मन बिघडले म्हणजे ती वार्ता उंबरठ्याबाहेर जाऊ न देण्याकडेच आपणा सर्वांचा कल असतो. ते माणूस देवदर्शनास आले, तर पोरे त्याच्या मागे लागतात आणि वडीलधारी मंडळी नजर चुकवून पुढे जातात. देवळाच्या आवारातच आमचे लहानपण गेल्यामुळे हे दृश्य आम्ही अनेकदा पाहिले आहे. अशा माणसास घरी कोंडून ठेवावे किंवा दूर कोठेतरी नेऊन पोहोचवावे, याखेरीज तिसरा मार्ग नाहीच काय, ह्या प्रश्नाचा विचार प्रस्तुत पाठात करावयाचा आहे.

हा प्रश्न केवळ वैद्यकाचा नव्हे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात दिव्यांगतेचे जे २१ प्रकार मानले आहेत, त्यांत मानसिक आजाराचाही समावेश आहे. पांगळ्यास कुबडी आणि अंधास काठी लागते, हे आपणास सहज समजते. मन दुखावलेल्या माणसाची काठी कोणती, हे मात्र चटकन ध्यानी येत नाही. त्याचे उत्तर युरोपातील एका गावाने कित्येक शतकांपूर्वी दिले. आणि नवलाची गोष्ट अशी की, त्याचा उगम एका देवस्थानातच झाला.

बेल्जियम देशात अँटवर्प प्रांतात गेल नावाचे गाव आहे. तेथे संत डिंफ्ना हिचे ख्रिस्ती देवालय आहे. आख्यायिका अशी की, डिंफ्ना ही आयर्लंडच्या एका राजाची कन्या. पत्नीच्या मृत्यूने तो राजा भ्रमिष्ट झाला आणि खुद्द कन्येशीच विवाह करू पाहू लागला. ती पळून गेलला आली. तेथे पित्याने तिला गाठून तिचा शिरच्छेद केला. भ्रमिष्टाच्या हातून मरण पावलेली ही कन्या पुढे भ्रमिष्टांचीच कैवारी मानली गेली. तेराव्या शतकापासून दूरदूरचे लोक आपल्या वेडसर आप्तांना घेऊन तेथे येऊ लागले. नऊ दिवसांचे अनुष्ठान करावयाचे आणि गुण येण्याची वाट पाहावयाची, असा परिपाठ होता. आपल्याकडील कितीतरी कुटुंबे बाधा झालेल्या आप्तांना घेऊन गाणगापुरास जाऊन राहतात, तसाच हा प्रकार समजावा.

पंधराव्या शतकात देवालयास लागून आजाऱ्यांसाठी खोली बांधण्यात आली. तीही अपुरी पडू लागली, तेव्हा यात्रेकरूंना गावकऱ्यांच्या घरी उतरविण्याची रीत पडली. कोणास नऊ दिवसांत गुण येई, कोणास येत नसे. ज्यांना गुण आला नाही ते तेथेच राहिले आणि हळूहळू घरचेच होऊन गेले. त्यांना गावात ‘रोगी’ म्हणत नाहीत. ‘घरी जेवणारा’ अशा अर्थाचा शब्द त्यांच्याकरिता योजतात. शब्द लहान खरा, पण त्यात सारे मर्म आहे. रोगी म्हटले की आपण त्याच्या दोषाकडे पाहतो. घरी जेवणारा म्हटले की त्याच्या पानाकडे पाहतो.

गेलमध्ये ह्या पाहुण्याच्या रोगाचे नाव यजमान कुटुंबास सांगण्याची पद्धत नाही. तो शेतावर जाई, गुरे पाही, मुलांना खेळवी, चुलीपाशी बसे. कित्येक जण एकाच घरात ५० वर्षांहून अधिक काळ राहिले. यजमान थकले म्हणजे त्यांची मुले तो सांभाळ पुढे चालवीत. एलन बॅक्स्टर ह्या अमेरिकन बाईंनी तेथे राहून ही पद्धत पाहिली. त्यांनी सांगितलेली एक हकीकत ध्यानात ठेवण्याजोगी आहे. एका घरचा पाहुणा रोज आपल्या सदऱ्याची बटणे पिळून तोडून टाकी, आणि घरची बाई रोज ती पुन्हा शिवून देई. मासे धरण्याच्या पक्क्या दोऱ्याने ती शिवावीत, म्हणजे तुटणार नाहीत, असे बॅक्स्टरबाईंनी सुचविले. बाईने ते मुळीच मानले नाही. बटणे पिळण्यानेच त्याच्या मनास आराम पडतो, तेव्हा ती तुटलीच पाहिजेत, असे तिचे म्हणणे होते. त्या माणसास बदलण्याचा अट्टाहास तिने धरला नाही; सुईदोरा हाती घेऊन तिने आपल्या दिनक्रमात त्याच्या विकारास जागा करून दिली.

परंतु एकटे कुटुंब हे कसे निभावणार? येथेच शेजार पुढे येतो. गेलचा पाहुणा रस्त्यातून एकटा हिंडतो, कारण रस्त्यातील प्रत्येक जण त्यास ओळखतो. दुकानदारास त्याची लहर ठाऊक असते आणि वाट चुकल्यास कोणीही त्यास घरी पोहोचविते. स्वतंत्र म्हणजे स्वतःच्या तंत्राने चालणारा. एकटे पडणे म्हणजे स्वातंत्र्य नव्हे. त्या माणसाचे मोकळे हिंडणे साऱ्या गावाच्या जागरूकतेवर उभे असते. हीच त्याची काठी होय.

तथापि हे सारे केवळ भूतदयेवर चालले, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. एके काळी तेथेही काहींच्या पायांत बेड्या असत. पाहुण्याच्या श्रमाचा शेतास उपयोग होई आणि कुटुंबास त्याच्यासाठी काही रक्कमही मिळे. १८५० नंतर सरकारने ह्या व्यवस्थेची जबाबदारी घेतली. १८६२ मध्ये गावात रुग्णालय झाले. दुखणे बळावल्यास पाहुण्याने तेथे जावे आणि बरे वाटल्यावर घरी परतावे, अशी सोय झाली. घराची माया, गावाची नजर, वैद्याचे औषध आणि पैशाची तजवीज ही चारही चाके जुळली, तेव्हाच तो गाडा चालला. १९३८ च्या सुमारास तेथे साडेतीन हजारांहून अधिक पाहुणे होते. पुढे शेती कमी झाली, स्त्रिया नोकरीस जाऊ लागल्या. आज ती संख्या तीनशेच्याही खाली आली आहे. तरीही ह्या परंपरेचे मोल जाणून युनेस्कोने २०२३ मध्ये तिची नोंद घेतली.

आता याच्या उलट असे एक उदाहरण आपल्याच देशातील पाहू. तामिळनाडूतील एरवाडी येथील दर्ग्यास सर्व धर्मांचे लोक आपले मनोरुग्ण आप्त घेऊन जात. तेथे भोवताली खाजगी आश्रयस्थाने उभी राहिली. ६ ऑगस्ट २००१ रोजी पहाटे अशा एका झोपडीवजा आश्रयस्थानास आग लागली. साखळदंडांनी जखडलेल्या माणसांना पळता आले नाही. २८ जीव गेले. गेलला जाणारे आणि एरवाडीस जाणारे, दोघेही श्रद्धेनेच निघाले होते. फरक पडला तो मुक्कामी पोहोचल्यानंतर. एका ठिकाणी घराचे दार उघडले, दुसऱ्या ठिकाणी साखळी पडली. असे संकट कोणत्याही धर्माच्या कोणत्याही क्षेत्री ओढवू शकते, हे आपण विसरता कामा नये.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियमाने मनोरुग्णास साखळीने बांधण्यास पूर्ण मनाई केली आहे आणि समाजात राहण्याचा त्याचा हक्क मान्य केला आहे. चेन्नईच्या ‘द बॅनियन’ ह्या संस्थेने २०१५ पासून ‘होम अगेन’ नावाचा उपक्रम चालविला आहे. रुग्णालयात वर्षानुवर्षे काढलेल्या चार-पाच जणांकरिता सामान्य वस्तीत घर घ्यावयाचे, सोबतीस मदतनीस द्यावयाचा, आणि स्वयंपाक, बाजारहाट, सणवार हे सारे त्यांनी आपल्या मताने करावयाचे, अशी त्याची रीत आहे. म्हणजे गेलचा मार्ग आपल्या भूमीतही चालता येतो.

मग आपण काय करावे? त्या माणसास ‘वेडा’ न म्हणता नावाने हाक मारावी. महाप्रसादाच्या वेळी त्यास बाहेर द्रोण न देता पंगतीत पान मांडावे. फुले निवडणे, समया घासणे, आवार झाडणे यांपैकी झेपेल ते काम त्यास सोपवावे. आणि इतरांना ज्या कामाचा मोबदला देतो, त्याचा त्यासही द्यावा. त्यास सांभाळणाऱ्या आईस किंवा भावजयीस आठवड्यातून एक दुपार मोकळी मिळेल, अशी पाळी शेजारच्या दोन घरांनी वाटून घ्यावी. नवस करावा, अंगारा लावावा. पण डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या त्यामुळे बंद करू नयेत. सल्ल्यासाठी शासनाची ‘टेली-मानस’ ही विनामूल्य दूरध्वनी सेवा १४४१६ ह्या क्रमांकावर २०२२ पासून चालू आहे.

यांत अशक्य असे काहीच नाही. गेलच्या लोकांनीही एका दिवसात गाव बदलले नाही. एकेका घराने एकेक पान वाढले. आपल्या आळीत असे माणूस कोणत्या घरी आहे, हे बहुधा आपणास ठाऊक असतेच. येत्या उत्सवाच्या पंगतीस त्या घरी बोलावणे धाडताना त्या माणसाचे नाव घेऊन धाडावे, एवढीच वाचकांस आमची विनंती आहे.