नंदगवळ्यांची वस्ती : पूर्ववृत्त व सद्यःस्थिती

धरमपेठेत राहणाऱ्या आमच्या वाचकांस गवळीपुरा व गोकुळपेठ ही नावे नित्य परिचयाची आहेत. एका नावात गवळी आहे, दुसऱ्यात गोकुळ आहे. परंतु आज तेथे गुरांपेक्षा दुकानांची व वाहनांचीच दाटी अधिक. ज्या जनावरांस चरावयास रान लागते, त्यांस भूखंड पाडलेल्या पेठेत जागा कोठून मिळावी? तेव्हा गवळ्यांची खरीखुरी वस्ती पाहावयाची असेल तर धरमपेठेच्या उत्तरेकडून जो अमरावतीचा रस्ता जातो तो धरला पाहिजे. वाडी, बाजारगाव, कोंढाळी ही गावे मागे टाकली म्हणजे वर्धा जिल्ह्यातील कारंजा (घाडगे) हे तालुक्याचे गाव लागते. वाशीम जिल्ह्यातील कारंजा लाड ते निराळे. नावे सारखी असल्याने पुष्कळांची गफलत होते, म्हणून येथे सांगून ठेविले. कारंजा, आर्वी व आष्टी या तीन तालुक्यांच्या डोंगराळ भागात सागाच्या व गवताच्या रानालगत नंदगवळी लोकांच्या लहान लहान वस्त्या आहेत. त्यांचा वृत्तान्त आम्ही आज विद्यार्थ्यांपुढे ठेवीत आहो.

प्रथम एक भेद ध्यानी घ्यावा. आपल्याकडे गावची गुरे राखणाराला गायकी म्हणतात. गोवारी समाजाकडे हे काम पूर्वापार चालत आले आहे. गायकी दुसऱ्याची गुरे चारतो व त्याचा मोबदला घेतो. गवळ्याचे तसे नाही. कळप त्याचा स्वतःचा असतो आणि दूध, तूप, गोऱ्हे व शेणखत हेच त्याचे उत्पन्न. नंदगवळी आपला संबंध गोकुळच्या नंदराजाशी लावितात. या संबंधास लेखी आधार मागत बसणे व्यर्थ आहे. माणूस आपल्या धंद्याचा मूळपुरुष कोणास मानतो, यावरून त्या धंद्याविषयी त्याच्या मनात किती आदर आहे, एवढे मात्र कळते.

इतिहासातही गवळ्यांचे नाव अगदीच पुसट नाही. सातपुड्यातील देवगडच्या राज्यावर गोंडांपूर्वी गवळी राजे होते अशी दंतकथा आहे. रणसूर व घणसूर हे शेवटचे दोघे भाऊ. त्यांच्या पदरी असलेल्या जाटबा नावाच्या गोंड वीराने त्यांस मारून राज्य घेतले, असे सांगतात. गवळी राजांविषयी निश्चित पुरावा नसला तरी जाटबा हा काही कल्पनेतील पुरुष नव्हे. अकबराच्या कारकिर्दीतील ‘आईन-इ-अकबरी’ या ग्रंथात २,००० स्वार, ५०,००० पायदळ व १०० हत्ती बाळगणारा जमीनदार म्हणून त्याचा उल्लेख आहे. याच घराण्यातील बख्त बुलंद शहाने १७०२ साली बारा खेडी एकत्र करून आपले नागपूर वसविले. पलीकडे मेळघाटात गाविलगड आहे. त्याचेही नाव गवळ्यांशीच जोडले जाते. तो किल्ला बहामनी सुलतान अहमदशहाने १४२५ साली बांधविला, तथापि नाव गवळ्यांचे राहिले.

आता या वस्तीची खरी धनीण जी गाय, तिच्याकडे वळू. तिला गवळाऊ म्हणतात. पाळणाऱ्या जातीवरूनच हे नाव पडले, अशी मान्यता आहे. नागपूर व वर्धा जिल्हे आणि मध्यप्रदेशातील छिंदवाडा, सिवनी, बालाघाट हा तिचा मुलूख. रंग पांढरा, बैलाची मान व वशिंड करडे, तोंड लांबट व अरुंद, डोळे बदामाच्या आकाराचे, शिंगे आखूड. देह भारी नाही, पण पाय चपळ. भोसल्यांच्या फौजांस डोंगरी वाटांनी जलद सामान वाहून नेणारे बैल हवे असत व त्या गरजेतून ही जात घडली, असे पशुवैद्यकाच्या ग्रंथांत नमूद आहे. सर आर्थर ऑल्व्हर यांनी १९३८ साली हिंदुस्थानातील प्रमुख गोवंशांची जी पाहणी प्रसिद्ध केली, तीत या जातीचे वर्णन आलेले आहे. आंध्रातील ओंगोल गाईशी तिचे बरेच साम्य आहे.

मात्र दुधाच्या बाबतीत ही गाय मोठी दानशूर नव्हे, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. एका वितात सरासरी ६०० किलोच्या आसपास दूध ती देते. २५० दिवस ती दुभती राहिली असे धरले, तर रोजचे दूध २ किलो ४०० ग्रॅम पडते. मग गवळ्याने तिला पिढ्यान् पिढ्या का जपली? याचे उत्तर गवळ्याच्या दिनक्रमात व त्याच्या जमाखर्चात आहे.

पहाटेस वासरू सोडून गाईला पान्हा फोडावा, धार काढावी, पुन्हा वासरू लावावे. दिवस वर येताच गावाबाहेरच्या आखरावर कळप जमवावा व रानात न्यावा. तिन्हीसांजेस परत आणून पुन्हा धारा काढाव्या, हा नित्यक्रम. धारा काढणे व कळप नेणे बहुधा पुरुषांकडे; गोठ्यातील शेण, वासरांची निगा, विरजण, घुसळण व तूप कढविणे स्त्रियांकडे. घरातील लेकरांसही कामे नेमलेली असतात. कळपातील प्रत्येक गाईला नाव असते व हाक मारिली की तीच मान वर करते. पूर्वी रस्ते नव्हते, बर्फ नव्हते. वैदर्भीय उन्हाळ्यात ताजे दूध काही तासांतच नासते. म्हणून दुधापेक्षा तूप करण्याकडे गवळ्यांचा कल असे. तूप महिनोन्महिने टिकते, लहानशा भांड्यात मावते व बाजारच्या दिवसापर्यंत थांबू शकते. उरलेले ताक घरी व शेजारी जाई. दिवाळीत गायगोधनाच्या दिवशी गाई न्हाऊ घालून, रंगवून, मिरवीत नेतात. त्या दिवशी कोणाच्या गाई तुकतुकीत व कोणाच्या रोड, हे सारा गाव पाहतो; गवळ्याची परीक्षा ती हीच.

आता थोडे गणित करू. वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनी ते स्वतः पडताळून पाहावे. समजा, एका घरी लहानमोठी ५० जनावरे आहेत. सरासरीने प्रत्येकास दिवसाला ६ किलो वाळला चारा लागतो असे धरू. म्हणजे रोजचा ३०० किलो झाला. वर्षाच्या ३६५ दिवसांचा हिशेब १,०९,५०० किलो, म्हणजे सुमारे १,१०० क्विंटल. या ५० पैकी १२ गाई दुभत्या असल्या तर वर काढलेल्या सरासरीने दूध जवळजवळ २९ किलो. आता चारा विकत आणावयाचा व तो किलोस केवळ ५ रुपयांनी मिळतो असे मानले, तर रोजचा खर्च १,५०० रुपये. आणि दूध ३५ रुपयांनी विकले तर येणार १,०१५ रुपये. सरकीची ढेप, औषधपाणी व घरच्या माणसांचे श्रम यांत धरलेलेच नाहीत! याचा अर्थ असा की, गवळ्याचे भांडवल गोठ्यात नाही. ते रानात आहे. जोपर्यंत कळप फुकट चरतो तोपर्यंतच थोडे दूध देणारी गाय परवडते. चराई बंद झाली की तीच गाय कर्ज होते. शहरात आपण दूध पातळ आहे की दाट एवढेच पाहतो, गाय कोठे चरते याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. त्या वस्तीचे मरणजगणे मात्र एवढ्या एका गोष्टीवर लटकलेले आहे.

शिवाय गवळ्याचे उत्पन्न कधीच एकट्या दुधाचे नव्हते. गवळाऊ गोऱ्ह्याचा बैल चालावयास चपळ व कामास चिवट. शेतकरी त्याची चांगली किंमत मोजीत. गावोगावच्या शंकरपटांतही चपळ बैलास मान असे. मग नांगरटीस ट्रॅक्टर आले, मालवाहतुकीस मोटारी आल्या. शर्यतींवर सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली बंदी घातली. ती उठून सशर्त परवानगी मिळण्यास २०२१ चा डिसेंबर उजाडला. येणेप्रमाणे गोऱ्ह्यांचे उत्पन्न आटले. दुसरा आघात पिकांच्या बदलाचा. विदर्भात पूर्वी ज्वारी विपुल होई व तिचा कडबा गुरांस मिळे. गेल्या तीनचार दशकांत ज्वारीची जागा पुष्कळ ठिकाणी सोयाबीनने घेतली. सोयाबीनच्या कुटारास कडब्याची सर येत नाही. धान्य व चारा एकाच ताटातून देणारे पीक गेले, ही गोष्ट शेतीच्या चर्चेत फारशी कोणी काढीत नाही. आमच्या मते तिचे महत्त्व ट्रॅक्टरपेक्षा तिळमात्र कमी नाही.

तिसरी गोष्ट रानाची, व तीच सर्वांत बिकट. या वस्त्यांच्या लगत बोर नदीच्या परिसरात बोर अभयारण्य आहे. १९७० साली ते जाहीर झाले व २०१४ साली त्यास व्याघ्रप्रकल्पाचा दर्जा मिळाला. देशातील अगदी लहान व्याघ्रप्रकल्पांत त्याची गणना होते. वाघ वाचावा हे कोणासही मान्य व्हावे. अनिर्बंध चराईने रोपटी खुडली जातात व जंगल नवे होत नाही, हेही खरे. परंतु प्रकल्पाभोवतालच्या रानात चराईवर निर्बंध आले, तेव्हा ज्यांचा सारा प्रपंच त्या गवतावर चाले त्यांच्यापुढे प्रश्न उभा राहिला व वनखात्याशी तंटे झाले. जी गुरे रानात जातात त्यांतली एखादी वाघाच्या तोंडी पडते, तिचेही दुःख गवळी सोशीत आला आहे. नुकसानभरपाई मिळते, पण मेलेल्या गाईमागे राहिलेले वासरू त्या पैशाने वाढत नाही.

२००६ सालच्या वनहक्क कायद्याने रानात चराई करण्याचा हक्क, स्थायिक व फिरत्या अशा दोन्ही पशुपालकांचा, मान्य केला आहे. मात्र जे आदिवासी नाहीत अशांनी १३ डिसेंबर २००५ पूर्वी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षे, त्या रानावर आपला निर्वाह चालला असल्याचे दाखवावयाचे असते. विद्यार्थ्यांनी विचार करावा : १९३० सालच्या सुमारास आपले पणजोबा कोठे गुरे चारीत होते, याचा पुरावा आपल्यापैकी किती जणांना देता येईल? ज्या घरात कागद जपून ठेवण्याची रीत नव्हती, त्या घरास तर हे काम फारच जड. म्हाताऱ्यांच्या साक्षी व जुने सरकारी दप्तर यांवरच भिस्त ठेवावी लागते. जेथे गावकऱ्यांनी एकजुटीने दावे दाखल केले व ग्रामसभेने ते नेटाने चालविले, तेथेच या कायद्याचा उपयोग होण्यासारखा आहे.

गाईच्या प्रश्नाकडे वर्ध्याचे लक्ष फार पूर्वीच गेले होते. जमनालाल बजाज यांनी १९४१ साली वर्ध्यास गोसेवा संघाची स्थापना केली. म्हशीच्या दुधाकडे झुकलेल्या लोकांनी गाईचेच दूधतूप वापरावे, म्हणजे गाय आपल्या पायावर उभी राहील, असा त्या संघाचा विचार होता. १ फेब्रुवारी १९४२ रोजी वर्ध्यास गोसेवेची परिषद भरली. अवघ्या दहा दिवसांनी, ११ फेब्रुवारीस, जमनालालजी निवर्तले. वर्ध्याचे गोरस भांडार व तेथील गोरसपाक आमच्या पुष्कळ वाचकांनी चाखला असेल. त्या मिठाईचा उगम याच खटपटीत आहे.

पुढे स्वातंत्र्योत्तर काळात देशाला दूध हवे होते व ते लवकर हवे होते. म्हणून जर्सी व होल्स्टीन या परदेशी वळूंचा संकर करण्याचे धोरण आले. १९७० साली दुधाचा महापूर योजना सुरू झाली व तिने देशाचे दूध वाढविले, हे निर्विवाद. परंतु संकरित गाय गोठ्यात बांधून, ढेप चारून वाढवावी लागते. वैशाखात दगडधोंड्यांच्या टेकडीवर ती चरू शकत नाही. ज्याच्याकडे विहीर व हिरवा चारा आहे त्यास ती लाभली. रानावर जगणाऱ्या गवळ्यास नाही. इकडे शुद्ध गवळाऊ वळू दुर्मिळ होत गेले. कारंजा तालुक्यातील हेटीकुंडी येथे या जातीच्या पैदाशीसाठी शासनाचे केंद्र आहे, आणि कर्नालच्या राष्ट्रीय संस्थेच्या नोंदवहीत गवळाऊचे नाव आहे. ३० सप्टेंबर २०२४ रोजी राज्य शासनाने देशी गाईला ‘राज्यमाता’ म्हणून घोषित केले, आणि गोशाळेतील देशी गाईंस दररोज ५० रुपयांचे अनुदान देण्याचे ठरविले. निर्णय स्तुत्य, तरीपण अनुदान गोशाळेच्या गाईस आहे. गवळ्याच्या कळपातील जी गाय रानात चरून आपले पोट आपण भरते, वासरू देते व वंश चालविते, तिला त्यात वाटा नाही, हे आम्हांस विपरीत वाटते.

आज या वस्त्यांत गेले तर जुने व नवे शेजारी शेजारी दिसते. संकलन केंद्रावर दुधातील स्निग्धांश व इतर घनपदार्थ यंत्राने मोजून भाव ठरतो. गाईच्या दुधास ३.५ व ८.५ हे त्याचे सर्वपरिचित प्रमाण. रानातील नानाविध गवत खाणाऱ्या गवळाऊ गाईच्या दुधात स्निग्धांश बरा उतरतो, म्हणून परीक्षेत ते मागे पडत नाही. मागे पडते ते मापात. डांबरी रस्ते झाल्याने दुधाचे कॅन आता मोटारसायकलीवरून जातात. मुले शिकावयास तालुक्यास जातात, कोणी पुढे नागपुरास येतात, व पुष्कळदा परत कळपामागे जात नाहीत. त्यांस दोष कोणी द्यावा? ज्या धंद्यात उद्याचे चरावयाचे रान कोणते हेच ठाऊक नाही, त्यात बापाने मुलास ओढावे कसे? काही घरांनी कळप निम्म्यावर आणिले आहेत, काहींनी म्हशी घेतल्या आहेत. जी घरे अजून गवळाऊ गाईस धरून आहेत, त्यांचा आधार पुन्हा तेच जुने तूप झाले आहे. वरील हिशेबातल्या २९ किलो दुधाचे तूप सव्वा किलोच्या आसपास निघते. शहरातील लोक देशी गाईच्या तुपास चढा भाव देऊ लागल्यामुळे दुधाने न सुटणारा खर्च कधीमधी त्याने सुटतो. ते तूप कारंजाच्या बाजारातून निघून ज्या रस्त्याने नागपुरास येते, तो रस्ता आपल्या धरमपेठेवरूनच जातो.