पहिला नांगर खपायला दोन वर्षं लागली

पुण्याहून मिरजेकडे निघालेली गाडी सांगली जिल्ह्यात शिरली, की पलूस तालुक्यात थोड्याच अंतरात किर्लोस्करवाडी आणि भिलवडी ही दोन स्टेशनं लागतात. पहिल्या स्टेशनाचं नावच मुळी एका कारखानदाराच्या आडनावावरून पडलं. दुसऱ्या गावात १९३९ साली भास्कर गणेश चितळे यांनी दुधाचा व्यवसाय सुरू केला. पुण्यात चितळ्यांचं दुकान निघालं १९५० मध्ये आणि ज्या बाकरवडीसाठी आज रांगा लागतात, ती आली त्यानंतर वीसेक वर्षांनी. ‘नोकरी नको, स्वतःचं काहीतरी करतो’ असं मुलाने किंवा मुलीने जाहीर केल्यावर घरात जी शांतता पसरते, त्या शांततेत या मधल्या वर्षांचा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचंच पाहा. जन्म १८६९ चा. चित्रकार व्हायचं म्हणून मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले, पण रंग नीट ओळखता येत नाहीत हे लक्षात आल्यावर तो नाद सोडावा लागला. यंत्रांची रेखाटनं करण्यात हात बसला होता, त्या जोरावर व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षकाची नोकरी मिळाली. बेळगावच्या सायकल दुकानाची सुरुवात १८८८ ची मानली जाते. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवायचे आणि बेळगावात बंधू रामूअण्णा त्या विकायचे. पगार चालू ठेवून धंद्याची चव घेणं, याला आजची मुलं ‘साइड बिझनेस’ म्हणतात. बढतीत डावललं गेल्यावरच त्यांनी नोकरीला रामराम ठोकला.

पुढे कडबा कापायचं यंत्र तयार झालं आणि १९०३ मध्ये लोखंडी नांगर. शेतकरी मात्र त्याला हात लावायला तयार नव्हते. लोखंडाने जमीन नासते, अशी तेव्हाची समजूत. दोन वर्षं नांगर खपेनात! अशा वेळी दोन प्रकारची माणसं दिसतात. काही गाशा गुंडाळतात, तर काही ‘लोकांनाच कळत नाही’ म्हणत तोच माल तसाच पुढे रेटतात. किर्लोस्करांनी नांगर सुधारला आणि गिऱ्हाइकाची वाट पाहिली. गाडी रुळावर येते आहे तोच बेळगाव नगरपालिकेने जागा सोडायला लावली. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनाजवळ जागा दिली, दहा हजार रुपये कर्जाऊ दिले आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. सायकल दुकानापासून मोजलं तर बावीस वर्षं झाली होती. लक्ष्मणराव चाळिशी ओलांडत होते. पंचविशीत ‘सेटल’ झालाच पाहिजे, असा धोशा लावणाऱ्या घरांनी हे वय जरा लक्षात घ्यावं.

राजाश्रय सगळ्यांना कुठून मिळणार, ही शंका रास्त आहे. मग गिरगावातल्या गच्चीवरची गोष्ट घ्या. १५ मार्च १९५९ रोजी जसवंतीबेन पोपट आणि त्यांच्या सहा शेजारणींनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. पहिल्या दिवशीची विक्री चार पाकिटं, तीही भुलेश्वरातल्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याला. पावसाळा आला तसे पापड वाळेनात आणि धंदा चार महिने बंद ठेवावा लागला. एखादीने ‘आपल्याच्याने होणार नाही’ म्हणून सोडून दिलं असतं, तर कोणी दोष दिला नसता. पुढच्या पावसाळ्याआधी त्यांनी खाट आणि स्टोव्ह आणला. वर खाटेवर पापड, खाली पेटता स्टोव्ह, की वाळवण चालू.

पुढे ‘लिज्जत’ म्हणून ओळखल्या गेलेल्या या पापडांची पहिल्या वर्षाची विक्री ६,१९६ रुपये होती. सुरुवातीला दोन दर्जांचे पापड करून हलका माल त्या स्वस्तात विकत. पैसे उसने देणारे छगनलाल पारेख यांनी बजावलं, की एकच चांगला माल करा आणि दर्जाशी तडजोड करू नका. हिशेब चोख ठेवण्याचा आग्रहही त्यांचाच. मालाडला शाखा काढण्याचा प्रयत्न १९६१ मध्ये फसला. तो नाद तिथेच सोडून त्यांनी मूळ धंदा नीट चालवला. चिकाटी आणि हट्ट यांतला फरक इथे दिसतो. जसवंतीबेन यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली, सुरुवातीनंतर बासष्ट वर्षांनी.

टीव्हीवर दहा मिनिटांत कोटींची गुंतवणूक मिळवणारी पोरं पाहून जो उत्साह चढतो, तो वाईट नाही. त्याने दुकानाचं भाडं मात्र निघत नाही. लहान धंदे अनेकदा माल वाईट म्हणून नव्हे, तर रोकड संपली म्हणून बसतात. वहीत नफा दिसतो, पैसे उधारीत अडकलेले असतात आणि एक तारखेला कारागीर दारात उभा राहतो. म्हणून यंत्र आणि सजावट यांवर सगळी पुंजी घालण्याआधी खेळत्या भांडवलाची सोय पाहावी. २००६ च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग कायद्यानुसार, लेखी करार असला तरी सूक्ष्म किंवा लघुउद्योगाचं देणं ४५ दिवसांच्या आत चुकवणं खरेदीदाराला बंधनकारक आहे. त्यासाठी ‘उद्यम’ नोंदणी करून ठेवावी. सरकारी पोर्टलवर ती विनामूल्य होते, हे ठाऊक नसल्यामुळे कितीतरी जण एजंटाच्या हातावर पैसे ठेवतात.

कर्जाबाबतही घरोघरी गैरसमज फार. सूक्ष्म आणि लघुउद्योगांकडे ठरावीक रकमेपर्यंतच्या कर्जासाठी तारण मागू नये, असे रिझर्व्ह बँकेचे निर्देश आहेत. तेव्हा पहिल्याच फेरीत राहतं घर किंवा आईचे दागिने गहाण टाकायला निघालेल्या मुलाला अडवावं, ते योग्यच. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात १५ ते ३५ टक्के अनुदान मिळतं, पण ते हातात येत नाही. ते बँकेत तीन वर्षं अडकवून ठेवतात आणि धंदा चालू आहे याची खात्री पटल्यावर कर्जखात्यात वळतं करतात. सरकारसुद्धा धंद्याची पारख करायला तीन वर्षं घेतं. नातेवाईक सहा महिन्यांतच ‘काय, कसं चाललंय?’ विचारायला येतात, ती गोष्ट वेगळी.

विद्यार्थ्याने आधी काय करावं? ज्या धंद्यात उतरायचं, त्यातल्याच कोणाकडे वर्ष-दोन वर्षं पगारावर काम करावं. बेकरी काढायची असेल, तर पहाटे भट्टीपाशी उभं राहावं; फॅब्रिकेशनचं वर्कशॉप काढायचं असेल, तर आयटीआय करून वेल्डिंगचा हात बसवावा. माल कुठून येतो, वाया किती जातो, कोण उधारी बुडवतं, हे कोणत्याही पदवीच्या अभ्यासक्रमात शिकवत नाहीत. घरगुती खर्चाचं आणि धंद्याचं खातं पहिल्या दिवसापासून वेगळं असावं. हे ऐकायला किरकोळ वाटतं, पण दुकानाच्या गल्ल्यातून घरचा किराणा भरणाऱ्याला आपण नफ्यात आहोत की तोट्यात, हे कधीच कळत नाही.

आईवडिलांनी परवानगी द्यायची की नाही, एवढ्यावरच घरातली चर्चा अडकते. त्याऐवजी कागद-पेन घेऊन मुलासोबत बसावं. घरातून जास्तीत जास्त किती पैसे देता येतील, हा आकडा ठरवून लिहावा. विक्री झाली नाही तरी किती महिने तग धरता येईल, ते लिहावं. काय घडलं म्हणजे हा धंदा थांबवायचा, तेही आधीच लिहावं, कारण तोटा सोसत असताना हा निर्णय कोणालाच नीट घेता येत नाही. तीन वर्षांनी धंदा बंद करावा लागला, तरी खरेदी, विक्री, हिशेब आणि माणसं सांभाळणं शिकलेल्या तरुणाला नोकरीच्या बाजारात किंमत असते.

प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी जिल्हा उद्योग केंद्राचं कार्यालय आहे. महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्राची प्रशिक्षणंही राज्यभर होत असतात. योजनांचे नियम बदलत राहतात, म्हणून मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशांवर विसंबू नका. दहावी-बारावीच्या निकालानंतर कॉलेजांच्या फेऱ्या माराल, त्यातली एक फेरी मुलाला किंवा मुलीला घेऊन या कार्यालयात मारा आणि ताजे नियम तिथेच विचारून घ्या.