आजाऱ्यासाठी प्रार्थना : मागणे आपले, देणे देवाचे

वाचनासाठी : मार्क 2:1-12; योहान 5:1-15; 2 करिंथ 12:7-10; याकोब 5:13-16



घरात कुणी आजारी पडले की आपण प्रार्थनेला बसतो. जपमाळ होते, नोव्हेना सुरू होते, आजाऱ्यासाठी मिस्सा अर्पण केली जाते, कुणी वांद्र्याच्या माउंट मेरीला मेणाचा हात किंवा पाय वाहून येतो. हे योग्यच आहे. परंतु याच वेळी एक वाक्यही कानावर येते : “तुमचा विश्वास कमी पडला, नाहीतर गुण आला असता.” कर्करोगाने थकलेल्या माणसाला हे ऐकावे लागते, लेकरू गमावलेल्या आईलाही ऐकावे लागते. आधीच्या दुखण्यावर हे दुसरे दुखणे! ही समजूत खरी आहे का, हे आज आपण पवित्र शास्त्र आणि ख्रिस्तसभेची शिकवण यांच्या आधारे पाहू या.

1. विश्वास ही किंमत नव्हे

पक्षाघाती माणसाची गोष्ट आपल्याला ठाऊक आहे. चौघांनी छप्पर उसकटून त्याला खाली सोडले. संत मार्क सांगतो की येशूने त्यांचा विश्वास पाहिला. खाटेवरचा माणूस स्वतः एक शब्दही बोलत नाही. त्याला वाहून आणणाऱ्यांचा विश्वास त्याच्या उपयोगी पडतो. बेथेस्दा तळ्याकाठी 38 वर्षे आजारी असलेल्या माणसाला तर आपल्याला बरे करणारा कोण हेसुद्धा ठाऊक नव्हते. फेपरे येणाऱ्या मुलाच्या बापाने आपला विश्वास अपुरा असल्याचे येशूसमोर उघड कबूल केले (मार्क 9:24), तरी त्याचा मुलगा बरा झाला.

कुणी म्हणेल, नाझरेथात लोकांच्या अविश्वासामुळे येशूला फारसे चमत्कार करता आले नाहीत, त्याचे काय? तेथील लोकांनी येशूलाच नाकारले होते. रडत-रडत त्याच्याकडे मागणाऱ्या आजाऱ्याला त्यांच्या रांगेत कसे बसवता येईल? शिवाय तेथेही त्याने काही रोग्यांवर हात ठेवून त्यांना बरे केलेच (मार्क 6:5).

म्हणजे विश्वास हे काही दुकानात मोजून द्यायचे पैसे नव्हेत, की पुरेसे भरले तर माल मिळेल आणि कमी पडले तर रिकाम्या हाती परतावे लागेल. विश्वास म्हणजे बापाचा हात धरणे. हात घट्ट धरला काय आणि थरथरत धरला काय, बाप तोच असतो.

2. संत पौलाचा काटा

संत पौलाच्या अंगावरचे रुमाल नेऊन लोक आजाऱ्यांना लावत आणि ते बरे होत (प्रे. कृत्ये 19:12). त्याच पौलाने आपल्या देहातील काटा निघावा म्हणून प्रभूला तीन वेळा विनवले. काटा निघाला नाही. कृपा मात्र मिळाली. त्याचा सोबती एपफ्रदीत मरणाच्या दारातून परत आला (फिलिप्पै 2:27), पण दुसरा सोबती त्रफिम याला त्याला मिलेत येथे आजारीच ठेवून पुढे जावे लागले (2 तीमथ्य 4:20). पौलाचा विश्वास एका ठिकाणी मोठा आणि दुसऱ्या ठिकाणी लहान होता, असे आपण म्हणू का?

गेथशेमानी बागेत प्रभू येशूनेही प्याला दूर व्हावा म्हणून प्रार्थना केली आणि शेवटी सर्व पित्याच्या इच्छेवर सोपवले. “बरे कर” असे मनापासून मागणे आणि “तुझी इच्छा” असे म्हणणे, या दोन्ही गोष्टी एकाच प्रार्थनेत बसतात. तिथे आपण पहिले वाक्य गिळून टाकू नये आणि दुसरे विसरू नये.

3. औषधही देवाचेच

काही जण रिट्रीटहून आल्यावर मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या बंद करतात, क्षयाचे औषध अर्ध्यावर सोडतात. त्यांना वाटते, गोळी घेणे म्हणजे अविश्वास. बेन सिराच्या पुस्तकाचा 38वा अध्याय याच्या अगदी उलट शिकवतो. औषधे देवाने भूमीतून उत्पन्न केली आहेत, म्हणून आजाऱ्याने प्रार्थना करावी आणि वैद्यालाही त्याची जागा द्यावी, असे तो सांगतो. हिज्कीया राजाने अश्रू ढाळून प्रार्थना केली, देवाने त्याला आणखी 15 वर्षे आयुष्य दिले. तरीही यशयाने त्याच्या गळवावर अंजिरांचा लेप लावायला सांगितलाच (यशया 38). देवाने बरे केले असेल तर ते तपासणीतही दिसेल. गोळी कमी करायची की बंद करायची, हे डॉक्टरांनाच ठरवू द्यावे.

4. ख्रिस्तसभेची सावध भूमिका

रोममधील श्रद्धा-सिद्धान्त मंडळाने 14 सप्टेंबर 2000 रोजी आरोग्यासाठीच्या प्रार्थनांविषयी मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यावर कार्डिनल रॅट्झिंगर, म्हणजे पुढे झालेले पोप बेनेडिक्ट सोळावे, यांची सही आहे. आजाऱ्याने बरे होण्याची इच्छा धरणे आणि त्यासाठी प्रार्थना करणे चांगले आहे, त्यामुळे औषधोपचार टाळायचे नाहीत, प्रार्थनासभेत आरडाओरडा, नाटकीपणा किंवा खळबळ नको आणि कुणी बरे झाल्यास ती साक्ष नीट नोंदवून अधिकाऱ्यांपुढे ठेवावी, असे त्यांत सांगितले आहे.

लूर्ड्स येथे हीच सावधगिरी दिसते. तेथे 1883 पासून डॉक्टरांचे कार्यालय आहे. आपण बरे झाल्याचे सात हजारांहून अधिक लोकांनी तेथे कळवले. 2025 पर्यंत त्यांतील फक्त 72 घटना ख्रिस्तसभेने चमत्कार म्हणून जाहीर केल्या. आणि जिला 1858 साली पवित्र मरियेचे दर्शन झाले ती संत बर्नादेत? ती दम्याने आणि क्षयाने खंगून 1879 साली, वयाच्या 35व्या वर्षी वारली. तिचा विश्वास कमी होता असे म्हणायला कुणाची जीभ रेटेल?

5. धर्मगुरूंना वेळेवर बोलवा

संत याकोब सांगतो की आजाऱ्याने ख्रिस्तसभेच्या वडीलधाऱ्यांना बोलवावे. त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी. हाच आजाऱ्यांचा तैलाभ्यंग संस्कार. पूर्वी त्याला ‘अंतिम अभ्यंग’ म्हणत, त्यामुळे आजही “फादरांना पाहून आजारी घाबरेल” म्हणून घरचे थांबतात. मग फादर येतात तेव्हा आजारी बेशुद्ध असतो. हा संस्कार केवळ मरणाच्या घटकेला नाही, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने स्पष्ट केले आणि 1972 साली पोप पॉल सहावे यांनी त्याचा विधी नव्याने ठरवून दिला. म्हणून आपण हे ध्यानात ठेवू या :

- गंभीर आजार सुरू होताच, मोठ्या ऑपरेशनआधी आणि वार्धक्याने शक्ती खालावल्यावर हा संस्कार घेता येतो. आजार बळावल्यास किंवा पुन्हा उलटल्यास तो पुन्हा घेता येतो.
- आजारी शुद्धीवर असतानाच बोलवावे, म्हणजे त्याला पापनिवेदन करता येईल, प्रार्थनेला उत्तर देता येईल आणि ख्रिस्तशरीर स्वीकारता येईल.
- टेबलावर स्वच्छ पांढरे कापड, क्रूस, मेणबत्ती आणि पवित्र पाणी ठेवावे. घरच्यांनी व शेजाऱ्यांनी प्रार्थनेत सामील व्हावे.

या संस्कारात धीर, शांती आणि पापांची क्षमा मिळते. आत्म्याच्या हिताचे असेल तर शरीरही बरे होते.

चिंतनासाठी

आपल्या आळीत अंथरुणाला खिळलेले कोण आहे? या आठवड्यात आपण त्यांच्याकडे जाऊन काय बोलणार आहोत? उपदेश करण्याऐवजी त्यांची खाट उचलणाऱ्या चौघांपैकी एक आपण होऊ शकतो का?

प्रार्थना : हे प्रभू येशू, आमच्या आजारी बंधू-भगिनींना स्पर्श कर आणि त्यांना बरे कर. डॉक्टरांच्या व परिचारिकांच्या हातांना यश दे. ज्यांचे दुखणे सरत नाही त्यांच्या उशाशी तू बस आणि आम्हांलाही तेथे बसायला शिकव. आमेन.