विहिरीवरचा पंप

बटण दाबले. मोटार फिरू लागली. आवाजही चांगला येतो आहे. पण पाटात पाण्याचा थेंब नाही. इकडे ऊस माना टाकतो आहे. अशा वेळी आपण काय म्हणतो? "मोटार पाणी ओढत नाही."

खरे सांगायचे तर कोणतीच मोटार पाणी ओढत नाही. चांगली मोटारही ओढत नाही. मग विहिरीतले पाणी वर येते कसे? ते नीट समजले, तर पुष्कळ वेळा मिस्त्रीला बोलवायची पाळीच येत नाही.

पपईच्या पानाचा देठ घ्या. तो आतून पोकळ असतो. एक टोक पाण्यात बुडवा. दुसरे तोंडात धरून चोखा. पाणी तोंडात येईल. आता देठाच्या मधोमध काट्याने एक भोक पाडा. ते पाण्याच्या वर राहू द्या. पुन्हा चोखा. आता पाणी येत नाही. नुसती हवा येते.

हे असे का झाले? आपल्या डोक्यावर मैलोन्‌मैल उंच हवा आहे. हवेलाही वजन असते. अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेवर ती साधारण एक किलोचा भार टाकते. विहिरीतल्या पाण्यावरही तोच भार आहे. तुम्ही देठातली हवा काढून घेतली की आतला भार कमी होतो. बाहेरची हवा पाण्याला खाली दाबते आणि पाणी देठात चढते. म्हणजे ओढले तुम्ही नाही, ढकलले हवेने. भोक पडले की तीच हवा देठात शिरते. आतबाहेर भार सारखा झाला की पाणी जागचे हलत नाही.

हवा पाण्याला किती उंच ढकलील? त्याला हद्द आहे. इटली देशात फ्लॉरेन्स नावाचे शहर आहे. तिथल्या पंप करणाऱ्यांना हा अनुभव फार पूर्वी आला होता. काही केल्या पाणी साधारण ३४ फुटांच्या वर चढेना. गॅलिलिओने १६३८ सालच्या आपल्या पुस्तकात हे लिहिले आहे. त्याचे खरे कारण टॉरिसेली याने १६४४ साली सांगितले. हवेचे वजन तेवढेच पाणी तोलून धरते, जास्त नाही. समुद्रसपाटीपासून दोन हजार फूट उंच गावी हवा थोडी विरळ असते. तिथे ही हद्द ३१-३२ फुटांवर येते. शिवाय पाइपात पाणी घासते, सांध्यांत थोडी हवा शिरते. म्हणून पाण्यापासून पंपापर्यंतची उंची २० फुटांच्या आत ठेवावी. २५ फुटांच्या पुढे तर जाऊच नये. मोटार तीनची असो की दहाची, हा हिशेब बदलत नाही. पुष्कळ लोक पैसे घालून मोठी मोटार आणतात आणि वरच बसवतात. पाणी येत नाही ते येतच नाही.

उन्हाळ्यात पाणी खाली जाते. मग पंपही खाली न्यावा लागतो. विहिरीत कट्टा करून विजेचा पंप बसवता येतो. पण डिझेल इंजिन विहिरीत कधीही उतरवू नका. इंजिनाच्या धुरात एक विषारी वायू असतो. त्याला कार्बन मोनॉक्साइड म्हणतात. तो दिसत नाही, त्याला वास नाही. विहिरीत तो साठून राहतो. इंजिन बंद करायला उतरलेला माणूस चक्कर येऊन पडतो. त्याला काढायला भाऊ उतरतो, तोही पडतो. एका घरातली दोन-दोन, तीन-तीन माणसे अशी गेली आहेत. कंदील सोडून पाहायची आपली जुनी रीत आहे. पण या वायूने कंदील विझत नाही. कंदील जळतो आणि माणूस मरतो. कोणी आत पडलेच, तर मागोमाग उडी टाकू नका. दोर सोडा, माणसे जमवा, ११२ वर फोन करा.

आता पंपाच्या पोटात पाहू. घरात ताक घुसळताना पाहिले असेल. रवी जोरात फिरली की ताक कडेने वर चढते आणि मधे खळगा पडतो. गोफण फिरवून सोडली की दगड लांब जातो, तीच ही गत. पंपाच्या आत असाच एक पंखा असतो. त्याला इम्पेलर म्हणतात. तो मिनिटाला साधारण १४०० किंवा २९०० फेरे घेतो. पंख्याच्या पात्यांमधले पाणी कडेला फेकले जाते. मधे भार कमी होतो. मग काय होते ते तुम्हीच सांगाल. बाहेरची हवा विहिरीतले पाणी त्या खळग्यात ढकलते. पंखा तेही फेकतो. असे एकसारखे चालते. मोटेसारखी खेप नाही, थांबणे नाही.

पंख्याभोवतीचे लोखंडी कवच गोगलगाईच्या शंखासारखे असते. त्यातली वाट पुढे पुढे रुंद होत जाते. रुंद वाटेत पाण्याचा वेग कमी होतो. तो वेग वाया जात नाही. त्याचा दाब होतो. हा दाब पाणी वरच्या वाफ्यापर्यंत चढवतो. हवेने ढकलायला २०-२५ फुटांची हद्द आहे. पंख्याने वर फेकायला तशी हद्द नाही. म्हणून तर बोअरमध्ये पंप पाण्यातच बुडवून ठेवतात. तिथे एकावर एक पुष्कळ पंखे असतात. पहिला दुसऱ्याला पाणी देतो, दुसरा तिसऱ्याला. दर पंख्यागणिक दाब वाढतो.

पंपात पाण्याऐवजी हवा असली तर? पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट जड आहे. गोफणीत दगडाऐवजी कापूस घाला, किती लांब जाईल? हवेचे तसेच होते. पंखा फिरतो, पण खळगा पडत नाही. म्हणून सुरू करण्याआधी पंप आणि खालचा पाइप पाण्याने भरावा लागतो. हे पाणी खाली पळू नये म्हणून पाइपाच्या तळाशी फूटव्हॉल्व्ह असतो. काही गावांत त्याला 'फुटबॉल' म्हणतात. त्याची झडप पाणी वर येऊ देते, खाली जाऊ देत नाही.

पंप पाणी धरत नसेल तर आधी मोटार बंद करा. पंपाच्या नरसाळ्यातून पाणी काठोकाठ भरा. थोडा वेळ बघा. पाणी खाली जात असेल तर झडपेत काडी-कचरा अडकला आहे, नाही तर सांधा गळतो आहे. ओला दिसेल तो सांधा चोर. पाणी उतरले नाही तर पंपाकडे जाणारा पाइप बघा. तो सतत चढता हवा. मधे उंचवटा असला की तिथे हवा साचते. फूटव्हॉल्व्ह पाण्यात दोन-तीन फूट बुडालेला हवा. नाही तर भोवरा पडून हवा आत जाते. पंप कोरडा मात्र फिरवू नका. आतले भाग घासून तापतात. दांड्याजवळच्या ग्लँडमधून थेंब थेंब पाणी गळते, ते गळू द्यावे. ते थांबावे म्हणून लोक ग्लँड आवळतात आणि दांडा खराब करतात.

पाइप घेताना चार पैसे वाचवू नका. तेवढेच पाणी तीन इंचीऐवजी दोन इंची पाइपातून न्यायचे, तर घासणे सातपट होते. वीज जाते ती त्या घासण्यात.

पावसाळ्यात विहीर भरली की उलटेच होते. चढण कमी, म्हणून पंप जास्त पाणी फेकतो. मोटारीवर भार वाढतो आणि ती तापते. तेव्हा वरचा व्हॉल्व्ह थोडा मिटवावा. "वाट अडवली तर मोटार जळेल," असे पुष्कळांना वाटते. या पंपाचे तसे नाही. पाणी कमी जाते, तसा भारही कमी होतो. मात्र व्हॉल्व्ह पुरा मिटवून फार वेळ चालवू नये. आतले पाणी उकळू लागते.

आता पाटी घ्या. किती अश्वशक्तीची मोटार हवी ते काढू. विहिरीच्या पाण्यापासून वरच्या वाफ्यापर्यंतची उंची मोजा. समजा, ती २५ मीटर आहे. पाइपातल्या घासण्यासाठी ५ मीटर धरा. एकूण ३० मीटर. २०० लिटरचे पिंप ४० सेकंदांत भरावे, एवढे पाणी हवे आहे. म्हणजे सेकंदाला ५ लिटर. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. ५ गुणिले ३० म्हणजे १५०. एक अश्वशक्ती सेकंदाला ७५ किलो वजन एक मीटर उचलते. १५० ला ७५ ने भागा. उत्तर आले २. पण पंपात निम्मी शक्ती वाया जाते असे धरा. मग ४ लागतील. बाजारात ५ ची मोटार मिळते, ती घ्या. तुमच्या विहिरीचे आकडे घालून हेच गणित पुन्हा करा.