प्रयोगशाळेची वाट विचारणाऱ्या भाचीस

पेडगाव, जिल्हा परभणी



पत्र पोहोचले. परभणीस विज्ञान शाखेचे दुसरे वर्ष चालू असताना, आणि वैद्यकीय प्रवेश हुकल्याचे शल्य अद्याप पुरते ओसरलेले नसताना, वैद्यकीय प्रयोगशाळेच्या पेशाकडे वळावे की काय, हा प्रश्न तू ज्या मोकळेपणाने विचारला आहेस त्याचे मला मोल वाटते. आणि माझी सारी नोकरी सरकारी रुग्णालयांच्या प्रयोगशाळांत गेली असल्यामुळे उत्तर देण्याचा थोडाफार अधिकार मला आहे, असे समजून सविस्तर लिहितो.

आता सगळे काम यंत्रेच करतात, माणसाने नळी आत सारायची आणि कागद बाहेर काढायचा, असे दाजींचे मत तू कळवले आहेस. रक्तपेशींच्या ज्या गणनेसाठी आम्ही सूक्ष्मदर्शकावर तासन्‌तास डोळे शिणवले, ती यंत्र मिनिटाभरात करते हे खरे. परंतु पावसाळा सरता सरता डेंग्यूची साथ येते तेव्हाचा प्रसंग घे. तापाने फणफणलेल्या मुलाच्या प्लेटलेट यंत्राने वीस हजार दाखवल्या, घरातली माणसे हवालदिल झाली, नांदेडला हलवण्यासाठी गाडी ठरवण्याची तजवीज सुरू झाली. आणि अशा वेळी एखादा तंत्रज्ञ त्या आकड्यावर विसंबून न राहता रक्ताचा थेंब काचपट्टीवर पसरून, रंगवून, भिंगाखाली धरतो, तर प्लेटलेटचे पुंजकेच्या पुंजके एकमेकांस चिकटलेले दिसतात. जांभळ्या झाकणाच्या नळीत रक्त गोठू नये म्हणून जे ईडीटीए घातलेले असते, त्यानेच काही थोड्या माणसांच्या प्लेटलेट एकमेकींस चिकटतात, आणि यंत्र पुंजक्यांतील प्लेटलेट मोजू शकत नाही. सायट्रेटच्या नळीत नवे रक्त घेऊन फेरतपासणी केली की खरी संख्या हाती येते. यंत्रावर विश्वास केव्हा ठेवू नये हे ज्याला कळते, तोच या पेशात खरा जाणकार, असे माझे ठाम मत आहे.

जी गोष्ट यंत्राची, तीच नमुन्याची. रक्तातील पेशी नळीत गेल्यावरही जिवंत असतात आणि साखर खात राहतात. नुसत्या नळीत तसेच ठेवलेल्या रक्तातील साखर साधारण तापमानास ताशी पाच ते सात टक्क्यांनी घटते. म्हणून साखरेसाठी राखाडी झाकणाची फ्लोराइडची नळी वापरण्याचा शिरस्ता आहे. आपल्याकडच्या वैशाखात, भर दुपारी, कोणी चुकीच्या नळीतले रक्त पिशवीत घालून आणले, तर त्यातून निघालेला आकडा कितीही नेटका छापला तरी तो खोटाच. असा नमुना परत पाठवताना रुग्णाचे नातेवाईक चिडतात, कधी डॉक्टरही नाराज होतात. तरीही नोंदवहीत ‘नमुना अयोग्य, पुन्हा पाठवावा’ असे लिहिण्याचे धैर्य अंगी असावे लागते. हे धैर्य परीक्षेत कोणी तपासत नाही; पण तुझ्या ठायी ते आहे की नाही, याचा विचार प्रवेशअर्ज भरण्यापूर्वीच कर.

न जुळणाऱ्या निष्कर्षापाशी थांबण्याच्या या वृत्तीतून केवढे ज्ञान निपजते, याचे उदाहरण आपल्याच मुंबईत घडले. डॉ. भेंडे, डॉ. देशपांडे, डॉ. भाटिया आणि त्यांचे सहकारी यांनी 1952 साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकातून एक नवा रक्तगट जगापुढे मांडला. त्यालाच आज बॉम्बे रक्तगट म्हणतात. नेहमीच्या चाचणीत या माणसांचे रक्त ‘ओ’ गटाचे भासते, कारण पेशींवर ए नसतो आणि बी-ही नसतो. मात्र ‘ओ’ गटाच्या पेशींवर जो एच नावाचा पदार्थ विपुल असतो तोही यांच्या पेशींवर नसतो, आणि रक्तद्रवात त्याच्या विरुद्धचे प्रतिपिंड असते. त्यामुळे ‘ओ’ गटाचे रक्त दिले तर ते जिवावर बेतू शकते. ‘ओ’ रक्त ‘ओ’ला जुळत नाही, म्हणजे हातून काही चुकले असेल, असे म्हणून ती नळी कोणी मोरीत ओतली असती तर? ते संशोधक होते, तंत्रज्ञ नव्हते, हे मी विसरलेलो नाही; तथापि रक्तपेढीत रक्त जुळवून पाहण्याचे काम आज तंत्रज्ञाच्याच हातून होते, आणि असा माणूस ओळखला जाण्याची पहिली संधीही त्यालाच मिळते.

आता या कामाची दुसरी बाजूही सांगणे प्राप्त आहे. थुंकी, मल, मूत्र यांची किळस बाळगून येथे निभाव लागत नाही. सुईच्या टोचणीतून कावीळ जडण्याचे भय असते, सबब हेपॅटायटिस बीची लस वेळेवर घेणे अगत्याचे. क्षयाचे जंतू दिसत नाहीत असे लिहिण्यापूर्वी थुंकीच्या काचपट्टीवरील शंभर क्षेत्रे नजरेखालून घालावी लागतात, आणि शंभरावे क्षेत्र पाहतानाही नजर पहिल्या क्षेत्राइतकीच सावध हवी. आपल्या पेडगावच्या स्टेशनातून जाणारा लोहमार्ग ज्या सिकंदराबादेस पोहोचतो, तेथे रोनाल्ड रॉसने भर उकाड्यात डास चिरून चिरून अखेर 20 ऑगस्ट 1897 रोजी डासाच्या जठरात हिवतापाचा परोपजीवी पाहिला. चिरलेले डास उडून जातील म्हणून तो पंखादेखील चालू देत नसे. एवढी चिकाटी नसेल तर दुसरा पेशा पाहावा, त्यात कमीपणा नाही.

पगाराविषयी आणि कायद्याविषयी स्पष्टच सांगतो. खासगी ठिकाणी आरंभी वेतन तुटपुंजे असते, आणि सरकारी जागा पुष्कळदा कंत्राटी निघतात. पदविका घेऊन गावात प्रयोगशाळा थाटावी आणि स्वतःच्या सहीने अहवाल द्यावेत, असा बेत मनात असल्यास तो सोडून दे. अहवालावर पॅथॉलॉजीची पदव्युत्तर पात्रता असलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच सही हवी, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2017 मध्ये स्पष्ट केले आहे. उलटपक्षी, 2021 च्या केंद्रीय कायद्याने प्रयोगशाळेतील व्यावसायिकांस स्वतंत्र दर्जा आणि नोंदणीची तरतूद दिली, ही मी मोठी गोष्ट समजतो. पदवीनंतर तुला पदव्युत्तर पदविकेचा मार्ग मोकळा आहे. मात्र संस्थेच्या जाहिरातीवर भुलू नकोस. अभ्यासक्रम कोणत्या विद्यापीठाचा अथवा मंडळाचा आहे आणि प्रात्यक्षिकासाठी कोणते रुग्णालय आहे, याचा दस्तऐवज डोळ्यांनी पाहिल्याखेरीज दाजींना फीचा एक रुपयाही भरू देऊ नकोस.

परभणीस आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झाले आहे. तेथील पॅथॉलॉजी विभागप्रमुखांस प्राचार्यांच्या शिफारशीसह अर्ज करून, दिवाळीच्या सुट्टीत काही दिवस प्रयोगशाळेत नुसते उभे राहण्याची परवानगी माग. सकाळचे नमुने येण्यापासून अखेरच्या अहवालापर्यंत सर्व काही पाहा, कोणाच्या कामात अडथळा आणू नकोस, आणि कोणता नमुना का परत पाठवला हे मात्र आवर्जून विचार. अर्जाचा मसुदा मला पाठव, तपासून देतो. आक्कास व दाजींस नमस्कार सांग.

तुझा,
मामा