मणक्याची गाठ : शस्त्रक्रियेपूर्वीचा एक धोका

हैदराबादेतील नल्लकुंटा येथील ज्वर रुग्णालय साथीच्या रोगांसाठी आहे. मणक्याच्या गाठीसाठी मेंदू व मज्जारज्जूच्या वा मणक्याच्या शल्यचिकित्सकाकडे जावे लागते.

मूत्रपिंडाच्या कर्करोगातून मणक्यात पसरलेली गाठ रक्तवाहिन्यांनी भरलेली असते. अतिरक्तस्राव टाळण्यासाठी, शस्त्रक्रियेच्या एकदोन दिवस आधी, मांडीच्या धमनीतून बारीक नळी नेऊन व सूक्ष्म कण सोडून त्या वाहिन्या बुजवितात.

धोका येथेच आहे. मज्जारज्जूस रक्त पुरविणारी मुख्य धमनी बहुधा डावीकडे, छातीच्या नवव्या ते बाराव्या मणक्याच्या पातळीवर निघते. गाठीबरोबर तीही बुजली, तर दोन्ही पाय कायमचे लुळे पडू शकतात. म्हणून क्ष-किरण चित्रात ती आधी शोधतात. दोहोंचा उगम एकाच फांदीतून असल्यास ती फांदी सहसा बुजवीत नाहीत. रक्तस्राव पत्करतात, कारण गेलेले रक्त बाटलीने भरून काढता येते.

उपचारानंतर पाय बधिर झाल्यास वा लघवी अडल्यास, सकाळची वाट न पाहता, परिचारिकेस तत्काळ सांगावे.