झेस्टार : थंडीआधी आवरून घेणारे सफरचंद

मार्चअखेर मिनेसोटात अंगणातला बर्फ कडेने विरघळू लागतो आणि रोपवाटिकांकडे मागणी नोंदवायची घाई सुरू होते. मिनीॲपोलिस, सेंट पॉल आणि आसपासच्या उपनगरांत घर घेतलेल्या मराठी कुटुंबांपैकी अनेकांना मागच्या अंगणात एखादे सफरचंद असावे असे वाटते. मग बाजारात चाखलेली, ओळखीची नावे शोधली जातात: फुजी, ग्रॅनी स्मिथ. पहिली चूक इथेच होते. ही फळे झाडावर तयार व्हायला ऑक्टोबरची अखेर उजाडते, आणि तोवर इथे कडक दहिवर पडून गेलेले असते. फळ अर्धकच्चे राहते आणि झाडही आवराआवर न करता हिवाळ्यात शिरते.

कडक थंडीच्या मुलुखात लवकर पिकणाऱ्या वाणाचे खरे मोल काय, ते यावरून कळावे. शेजाऱ्याच्या आधी फळ खायला मिळते, हा झाला वरचा फायदा. फळ ऑगस्टअखेर उतरले की पानांत तयार होणारी साखर फांद्यांत आणि मुळांत साठायला महिना-सव्वा महिना मोकळा मिळतो. कोवळे लाकूड पक्के होते आणि झाड तयारीनिशी थंडीला सामोरे जाते. अर्थात नुसते लवकर पिकून भागत नाही. लाकडाचा काटकपणा जातीच्या रक्तात असावा लागतो. हे दोन्ही गुण एकत्र असलेला, घरच्या बागेला परवडणारा वाण म्हणजे झेस्टार.

वाणाची ओळख

मिनेसोटात सफरचंद रुजवणे कधीच सोपे नव्हते. एक्सेल्सियर गावच्या पीटर गिडियन यांनी वर्षानुवर्षे बी पेरून झाडे वाढवली आणि जवळजवळ सगळी थंडीत गमावली. त्यातून तगलेल्या एका झाडाला त्यांनी पत्नीचे ‘वेल्दी’ हे नाव देऊन 1868 मध्ये ते लोकांपुढे आणले. मिनेसोटा विद्यापीठाने 1908 पासून फळझाडांच्या पैदाशीसाठी स्वतंत्र शेत चालवले. त्याच कामातून 1922 मध्ये हॅरलसन, 1991 मध्ये हनीक्रिस्प आणि 1999 मध्ये झेस्टार हे वाण आले. झेस्टार हे व्यापारी नाव. वाणाचे मूळ नाव ‘मिनेवॉश्टा’, तिथल्याच एका तळ्यावरून ठेवलेले. पुढे हनीक्रिस्प आणि झेस्टार यांच्या संकरातून स्वीटँगो निघाले.

लवकर पिकणारी सफरचंदे बहुधा भुसभुशीत असतात आणि आठवड्याभरात पिठूळ होतात. झेस्टार याला अपवाद आहे. फळ कुरकुरीत आणि रसाळ, चव आंबटगोड, मागे गुळाची आठवण करून देणारी किंचित छटा. मेच्या मध्यास फुललेले झाड साधारण साडेतीन महिन्यांत, म्हणजे ऑगस्टअखेर ते सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात तोडणीला येते.

हा वाण अमेरिकी कृषी खात्याच्या चौथ्या थंडी-विभागाला मानवतो. तिथे हिवाळ्यातले नीचांकी तापमान उणे 29 ते उणे 34 अंश सेल्सियसच्या दरम्यान असते. राज्याचा उत्तर भाग तिसऱ्या विभागात मोडतो. तिथल्यांनी आपल्या गावात हे झाड तगल्याचे पाहूनच पुढे जावे.

खुंट आणि जोडीदार

वाण काटक आणि खुंट नाजूक, असे कलम घेऊ नका. लहान अंगणासाठी रशियात तयार झालेला बड-9 हा बुटका आणि थंडी सोसणारा खुंट चांगला. त्यावरच्या झाडाला कायमचा आधाराचा खांब मात्र लागतो. जागा जास्त असेल तर बड-118 हा मध्यम वाढीचा खुंट घ्या. दोन झाडांत बुटक्या खुंटासाठी 8 ते 10 फूट आणि मध्यम खुंटासाठी 12 ते 15 फूट अंतर ठेवा.

सफरचंदाला परक्या वाणाचा पराग लागतो. दोन झेस्टार शेजारीशेजारी लावून उपयोग नाही, कारण दोन्ही कलमे एकाच झाडाची. त्याच सुमारास फुलणारा दुसरा वाण जवळ हवा. शेजारच्या अंगणात किंवा रस्त्याकडेला शंभर फुटांच्या आत क्रॅबॲपल असेल तर तेही काम भागवते. मागणी नोंदवण्याआधी गल्लीतून एक चक्कर मारा, कदाचित दुसऱ्या झाडाचा खर्च वाचेल.

लागवड : एप्रिलअखेर ते मे

दिवसाला किमान आठ तास ऊन आणि पाण्याचा निचरा, या दोन गोष्टींत तडजोड नको. अंगण उताराचे असेल तर झाड तळाशी लावू नका. थंड हवा जड असते, रात्री ती खोलगट जागी साचते. बहर पूर्ण फुललेला असताना पारा उणे 2 अंशांच्या आसपास उतरला तर सुमारे दहा टक्के फुले मरतात. उणे 4 अंशांजवळ गेला तर नव्वद टक्के. चार-सहा फुटांच्या चढानेही कधीकधी हंगाम वाचतो.

खड्डा मुळांच्या दुप्पट रुंद घ्या, पण मुळांपेक्षा खोल नको. कलमाचा जोड जमिनीपासून चार इंच वर राहिला पाहिजे. जोड मातीत गाडला गेला तर वरच्या भागाला स्वतःची मुळे फुटतात आणि बुटक्या खुंटासाठी मोजलेले पैसे वाया जातात. आपल्याकडे खड्ड्यात घमेलेभर शेणखत घालायची सवय असते. इथे तो मोह आवरा. उकरलेली मातीच परत भरा आणि वरून लाकडी भुशाचे आच्छादन द्या, मात्र ते खोडाला टेकू देऊ नका. पहिल्या वर्षी आठवड्याला साधारण एक इंच पाणी, पावसाचे धरून, मिळायला हवे.

छाटणी आणि विरळणी

आधीच झाड असेल तर छाटणीची वेळ हीच. कडाका ओसरलेला आणि डोळे अजून फुगलेले नाहीत, असा हा काळ. झेस्टारची वाढ जोमदार आणि सरळ वर जाणारी असते. मधले मुख्य खोड राखा, एकमेकींवर घासणाऱ्या आणि आत वळलेल्या फांद्या काढा. कोवळ्या फांद्या खोडाशी साठ अंशांच्या आसपास कोन करतील अशा ताणून बांधा. अरुंद कोनाची फांदी फळांच्या भाराने फाटते, आणि आडवी झुकलेली फांदी लवकर फळावर येते.

या वाणाला एक वर्ष भरघोस आणि पुढचे वर्ष रिकामे जाण्याची खोड आहे. पुढच्या वर्षीचे फूलडोळे याच वर्षी उन्हाळ्याच्या सुरुवातीला ठरतात. झाडावर फळांची गर्दी असेल तर ते ठरतच नाहीत. म्हणून फुलोऱ्यानंतर चाळीस दिवसांच्या आत विरळणी उरका. प्रत्येक झुबक्यात एकच मोठे फळ ठेवा, दोन फळांत 6 ते 8 इंच अंतर असू द्या. हात धजावत नाही हे खरे. पण जूनमध्ये माया केली तर पुढच्या ऑगस्टमध्ये पाटी रिकामी राहते.

रोग आणि कीड

स्कॅब या बुरशीमुळे पानांवर आणि फळांवर काळपट, खरबरीत डाग पडतात. बुरशी गळलेल्या पानांत हिवाळा काढते आणि वसंतातल्या पावसात पुन्हा झाडावर चढते. झाडाखालचा पाचोळा शरद ऋतूत वेचून बाहेर काढणे हा यावरचा सर्वांत स्वस्त उपाय.

फायर ब्लाइट हा जिवाणूजन्य रोग अधिक घातक. कोवळा शेंडा भाजल्यासारखा काळा पडून छत्रीच्या मुठीसारखा वाकतो. कोरड्या दिवशी, रोगट भागाच्या 8 ते 12 इंच खालून फांदी कापा आणि प्रत्येक कापानंतर कात्री निर्जंतुक करा. नत्र जास्त झाले की कोवळी फूट वाढते आणि या रोगाचे फावते.

फळमाशी जुलैच्या सुरुवातीला येते. पातळ सालीची, लवकर पिकणारी सफरचंदे तिला विशेष आवडतात. ही आंब्यावरच्या फळमाशीच्या कुळातली असली तरी कोकणात वापरतात तो मिथाइल युजेनॉलचा सापळा हिच्यावर चालत नाही. इथे चिकट लेप दिलेला लाल गोळा झाडावर टांगतात. थोडीच फळे असतील तर त्याहून खात्रीचा उपाय म्हणजे पिशवी. नाशिक-सांगलीकडे द्राक्षघडांना कागद लावताना पाहिले असेल, तसेच हे काम. विरळणीनंतर, फळ अर्धा ते एक इंचाचे असताना, साधी प्लॅस्टिकची पिशवी देठाशी बंद करून चढवा. पाणी निघून जावे म्हणून खालचे कोपरे कापा. जून संपायच्या आत हे व्हायला हवे. फवारणी करायचीच झाली तर बाटलीवरच्या सूचना पाळा आणि बहरात कीटकनाशक मारू नका. त्या दिवसांत झाडावर मधमाश्या असतात.

काढणी

लाली पाहून तोडणी करू नका. लालीखालचा हिरवा रंग पिवळसर मलईसारखा झाला आणि बी तपकिरी झाले की फळ तयार. सगळी फळे एकदम पिकत नाहीत. दोन-तीन वेळा, चार-पाच दिवसांच्या अंतराने तोडणी करा. फार थांबलात तर फळगळ होते. फळ तळहातात घेऊन वर उचला आणि हलके पिळा, ओढू नका. शून्य अंशाच्या जवळ ते सहा ते आठ आठवडे टिकते. लवकर पिकणाऱ्या जातीसाठी हे भरपूर आहे, पण दिवाळीपर्यंत पुरवायच्या भरवशावर राहू नये. ज्या वर्षी गणपती ऑगस्टअखेर येतात, त्या वर्षी पहिली तोडणी नेमकी नैवेद्याला सापडते.

हिवाळ्याआधी

जुलैनंतर नत्र देऊ नका. उशिरा फुटलेली कोवळी फांदी पक्की होण्याआधी गोठते. जमीन गोठेपर्यंत पाणी मात्र चालू ठेवा. नोव्हेंबरमध्ये खोडाला पांढरे वेष्टन गुंडाळा आणि एप्रिलमध्ये काढा. हिवाळ्यातल्या उन्हाने नैर्ऋत्येकडची साल दिवसा तापते आणि सूर्य बुडताच गोठून उभी फाटते. सशांनी आणि उंदरांनी साल कुरतडू नये म्हणून खोडाभोवती बारीक जाळी लावा. ससे साचलेल्या बर्फावर उभे राहून खातात, म्हणून जाळी बर्फाच्या थराहून उंच हवी.

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी

हा वाण आपल्या हवेचा नाही. थंडीचे पुरेसे तास मिळाल्याखेरीज याचे डोळे नीट फुटत नाहीत. महाराष्ट्रात हौसेने लागवड होते ती कमी थंडीवर येणाऱ्या एचआरएमएन-99, ॲना अशा वाणांची. आणि परदेशातल्या नातेवाइकांकडे ‘येताना एक काडी घेऊन ये’ असा आग्रह धरू नका. परवाना आणि विलगीकरण तपासणीशिवाय कलमकाडी भारतात आणणे बेकायदा आहे. एका काडीबरोबर फायर ब्लाइटही येऊ शकतो.

मिनेसोटातल्या वाचकांनी मात्र आता वेळ घालवू नये. बुटक्या खुंटावरचे झाड लावल्यापासून दोन-तीन वर्षांत फळ धरते. चांगल्या खुंटावरची कलमे वसंत सुरू होताच संपतात. त्यामुळे मागणी याच आठवड्यात नोंदवा, आणि नोंदवताना वाणाबरोबर खुंटाचे नावही लिहून घ्या.